हा चौक कोणाच्या लग्नाचा?

संपादकानं स्टेन्सिलचा एक कोरा कागद पाठवला आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी. तू बोईसरला आहेस, वारली लोक तुझ्या शेजारी, तेव्हा मुखपृष्ठासाठी त्यांच्या देवीचं चित्र काढून घे, खिळ्यानं ओढलं तरी उमटेल. उमटेल, ह्यात शंका नाही. वारली चित्राला रेघ लागते, त्रिकोण लागतो, टिंब लागतं, बस्स. सायक्लोस्टाइलच्या मशिनीला ह्याहून सोयीचं चित्र मिळायचं नाही, शाईसुद्धा कमी खाईल. तरी मी ते काढून घेतलं नाही. का नाही घेतलं ते सांगायला हा मजकूर. चित्राऐवजी पानं भरून अक्षरं आली म्हणून संपादक दोन शिव्या घालेल. घालू दे.

मी चित्रांचा समीक्षक वगैरे नाही. शाळा दहावीला सुटली. गाव नाते, महाडवरून रायगडाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पाचाडच्या अलीकडं. (गावाचं नाव सांगितलं की माणसं विचारतात, कसलं नातं? आता सवय झालीय.) महाडला दोन वर्षं केमिकलच्या वासात काढली, मग मावसभावाच्या ओळखीनं इकडं बोईसरजवळ कापडाच्या एका प्रोसेस गिरणीत चिकटलो. गिरणीचं नाव घेत नाही, पोट आहे. इथं कोरं कापड येतं, धुतात, रंगवतात, छापतात, आणि चादरी, पडदे, उशांचे अभ्रे होऊन ते ट्रकात जातं. मी छपाई खात्यात, रोटरी मशिनीवर.

मागच्या थंडीत एक ऑर्डर आली. गेरूच्या रंगाची जमीन, वर पांढरी वारली. तारप्याचा गोल, बैलगाडी, माडावर चढलेला माणूस, आणि ह्या सगळ्याच्या मध्येमध्ये एक चौकोन, त्यात देवी. रोटरीची स्क्रीन म्हणजे निकेलचा पोकळ नळा, त्याला बारीक भोकं. नळा फिरतो, आतून रंग दाबला जातो, खालून कापड पळतं. नळ्याचा घेर ६४ सेंटिमीटर, म्हणून दर ६४ सेंटिमीटरला तेच चित्र पुन्हा. मिनिटाला चाळीस मीटर कापड धरलं तर मिनिटाला साठाच्या वर देव्या. आडव्या पन्ह्यात चार बसवल्या होत्या, म्हणजे चौपट करा. कापडाच्या किनारीवर देवी अर्धी कापली जायची. पॅकिंगवाल्यांची त्याला हरकत नव्हती, किनार शिलाईत जाते.

आमच्या फोल्डिंग खात्यात तलासरीकडच्या एक वारली बाई आहेत. पन्नाशीच्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. टेबलावर थान ओढून घ्यायचं, डाग बघायचा, घडी घालायची, हे त्यांचं काम. मी पाळी सुटल्यावर पाणी प्यायला तिकडं गेलो होतो. मावशी थान ओढता ओढता थांबल्या, चौकोनावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "यो चौक कोनाचे लगनाचा?"

मी हसलो. म्हटलं, मावशी, चादर आहे ती, लग्न कसलं? त्या म्हणाल्या, "लगन नाय, त चौक कनाला?" आणि घडी घालून पुढचं थान ओढलं.

ह्या प्रश्नानं माझी झोप घालवली असं मी लिहिणार नाही. बारा तास उभं राहिल्यावर झोप येतेच. पण प्रश्न गेला नाही. वारली चित्रांवर मी त्यानंतर मिळेल ते वाचलं. पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, पण मावशीच्या प्रश्नाजवळ थांबणारे त्यात फार थोडे भेटले.

आधी चौक म्हणजे काय ते बघू. वारल्यांच्या घरी लग्न असलं की घरातल्या भिंतीला शेणामातीनं सारवतात, गेरू देतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात. बांबूच्या काडीचं टोक चावून चावून त्याचा कुंचला होतो. आणि सवाशिणी भिंतीवर चौक काढतात. बाया काढतात, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आधी काठ, काठाला नक्षी, साखळ्या, दातेरी रेघा, एकावर एक. त्या काठांच्या आत पालघट देवी. ती पिकाची, झाडापेराची, लेकराबाळांची देवी. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या, पाच शिरांचा देव. बाजूला धवलेरी असते, लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणते. वारल्यांचं लग्न लावायला मूळचा बामण नाही, बाईच आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. आपल्याकडं हे घडवून आणायला महात्मा फुल्यांना १८७३ साली सत्यशोधक समाज काढावा लागला, कोर्टकज्जे झाले, आणि डोंगरात वारलीण आधीपासून बिनबोभाट लग्न लावत होती.

आता चित्राकडं बघा. चौकाच्या आत देवी उभी आहे, ती हलत नाही. तोंड आपल्याकडं. चौकाच्या बाहेर माणसं मात्र सारखी कामात, कुणी नाचतोय, कुणी घोडा धरलाय, कुणी झाडावर. त्यांचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि त्या टोकावर, कमरेत, माणूस असा काही वाकतो की हाडामांसाचा काढला तरी इतका जिवंत व्हायचा नाही. आत थांबलेलं, बाहेर चाललेलं, आणि मध्ये काठ. चित्राची सगळी ताकद त्या काठात आहे असं मला वाटतं. आमच्या डिझाईनवाल्या पोरानं पहिल्यांदा काय केलं असेल तर काठ बारीक केला. चारपदरी होता तो एकपदरी. कारण स्क्रीनवर बारीक नक्षी भरली की रंग तुंबतो. पोरगा वाईट नाही, मोबाईलवरनं चित्र उचलतो, त्याला तेवढाच पगार आहे. पण काठ गेला आणि देवी नाचणाऱ्यांच्या गर्दीत येऊन पडली, यष्टीच्या स्टँडवर चुकलेल्या बाईसारखी.

आणि हा चौक टिकावा म्हणून काढलेलाच नसतो. लग्नासाठी काढला, लग्न झालं, मग धूर बसेल, पाऊस लागेल, पुढच्या सारवणात जाईल. ज्यांनी काढला त्यांचं नाव खाली नाही.

हे चित्र भिंतीवरनं कागदावर आलं ते १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत. पुपुल जयकर तेव्हा हस्तकला मंडळावर होत्या, त्यांच्याकडनं भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर आले. हे कुलकर्णी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरचे, म्हणजे आमच्याच कापडाच्या धंद्यातले म्हणा ना. आधी बिहारात मिथिलेच्या बायांना त्यांनीच कागद दिला होता. इथंही कागद दिला, पांढरा रंग दिला. गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढं आले. १९३४ चा जन्म, लहानपणी आई गेली तेव्हा बोलणं टाकलेलं पोर, मातीत बोटानं चित्रं काढायचं. १९७५ ला मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, १९८९ ला पॅरिसला मोठ्या प्रदर्शनात चित्रं गेली, २०११ ला पद्मश्री, २०१८ च्या मे महिन्यात वारले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र छापील पाहिलं मी. अख्खा पडदा भरून जाळं, पांढऱ्या धाग्याची एकेक गाठ वेगळी, आणि माणूस कोपऱ्यात एवढासा. ज्यानं आयुष्यात कापड जवळनं बघितलंय त्याला कळेल की हा माणूस रेघ ओढत नव्हता, विणत होता. जिव्यांच्या मोठेपणाबद्दल माझी एक अक्षर तक्रार नाही. त्यांच्यामागं गंजाडच्या कितीतरी घरांत चित्रावर चूल पेटली. उपाशी माणसाला पावित्र्य शिकवायला मी काही शंकराचार्य नाही.

तक्रार दुसरीच आहे. बायांच्या हातचं चित्र कागदावर आलं आणि नावं पुरुषांची झाली. चौक काढणारी सवाशीण मागं राहिली, धवलेरी तर कुठल्याच कॅटलॉगात नाही. बाजाराला तारप्याचा गोल आवडला, कारण तो कुठंही बसतो, ताटावर, शर्टावर, सरकारी कचेरीच्या कंपाउंडवर. त्यात नाचणाऱ्यांनी तारपेवाल्याकडं पाठ करायची नसते, ही साधी गोष्टसुद्धा कंपाउंड रंगवणाऱ्या ठेकेदाराला माहीत नसते.

आणि आता ह्या चित्रांवर लिहिणारे पांढरपेशे. त्यांचे शब्द ठरलेले. निरागस. आदिम लय. निसर्गाशी एकरूप. काळाच्या पलीकडचं. मी वहीत एक यादीच केलीय. मित्रहो, ज्या लग्नासाठी हा निरागस चौक काढायचे त्या लग्नाचं काय होतं ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये सांगून ठेवलंय. वारल्याला लग्नाला पैसे नसायचे. तो सावकार-जमीनदाराकडनं कर्ज काढायचा, आणि त्या कर्जापायी तो आणि त्याची बायको जन्मभर त्या मालकाची. अशा माणसाला नावच होतं, लग्नगडी. म्हणजे इकडं भिंतीवर पालघट देवी उभी, काठावर नक्षी, धवलेरीचं गाणं चाललंय, आणि तिकडं त्याच लग्नाच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारली जमले आणि वेठबिगार झुगारली. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं मेली. जेठ्या गांगड हे त्यातलं एक नाव.

परुळेकरबाईंचं पुस्तक निघालं १९७० ला, १९७२ ला त्याला साहित्य अकादमीही मिळालं. वारली चित्रं मुंबईला पोचली तीही ह्याच वर्षांत. दोन्ही एकाच तालुक्यातनं, एकाच माणसांची. पण दिवाणखान्यात चित्र गेलं, लग्नगडी गेला नाही. आणि १९७२ लाच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, 'गोलपिठा' निघालं. तेव्हाच्या समीक्षकांनी आपल्या कवींसाठीही शब्द शोधले होते. रांगडी, दाहक, अस्सल, मातीतली. वारल्याला निरागस म्हणायचं आणि आपल्याला रांगडं, म्हणजे दोघांनाही अक्कल आहे हे बोलायला नको. दोन त्रिकोणांच्या टोकावर अख्खा माणूस तोलायला डोकं लागतं, निरागसपणा पुरत नाही.

होपी लोकांचं पुस्तक मला ह्याच दिवसांत सापडलं, रद्दीवाल्याकडं. किलोच्या भावानं दिलं त्यानं. पुठ्ठा फाटलेला, मधली पानं गेलेली, इंग्रजी. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान फोडलं, बाकीचं इकडून तिकडून शोधून वाचलं. होपी म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात सपाट माथ्याच्या डोंगरांवर त्यांची गावं. मका लावतात, पावसाकडं डोळे लावतात. पाऊस आणणारे त्यांचे काचिना नावाचे आत्मे आहेत, ते थंडीत गावात येतात आणि जुलैच्या सुमाराला परत जातात. म्हणजे गावातली पुरुषमाणसं मुखवटे चढवून, सगळा साज करून गावच्या पटांगणात नाचतात. पण तो साज चढला की आत कोण ते विचारायचं नाही, तो काचिनाच. लहान पोरांना आतलं माणूस कोण ते कळू देत नाहीत, ती दीक्षेच्या वयाची होईपर्यंत. फोटो बंद, वहीत चित्र काढायलाही बंदी. आलात तर बघा, घेऊन जाऊ नका.

ह्या लोकांत फ्रेड काबोटी नावाचा चित्रकार झाला, जन्म १९०० च्या आसपास, मृत्यू १९८६. पोरवयात त्याला गावापासून लांब सांता फेच्या सरकारी शाळेत नेऊन घातलं. त्या शाळा कशासाठी होत्या? पोरांचे केस कापायचे, बोली तोडायची, होपीचा होपी ठेवायचा नाही. तिथं मुख्याध्यापकाच्या बायकोनं त्याला रंग दिले, आणि ह्या पोरानं काय काढलं तर काचिना. घरची आठवण आली म्हणून.

त्याची सुरुवातीची चित्रं पुस्तकात आहेत त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मुखवट्यावरचं पीस न् पीस, हातातला खुळखुळा, पायातलं कातडं, सगळं मोजून. कमरेच्या वस्त्राचा काठ तर असा काढलाय की ताणा-बाणा सांगता यावा. (होपींत विणकाम पुरुषांचं. मला हे वाचून उगाच बरं वाटलं.) पण माणसांच्या मागं काही नाही. घर नाही, पटांगण नाही, आभाळ नाही, पायाखाली जमीनसुद्धा नाही. रांग कोऱ्या कागदावर नाचतेय. जाणकार म्हणतात, ती त्या शाळेची शैली. असेल. मला वेगळं दिसतं. ज्याला गावावरनं उचलून आणलंय त्याला साज आठवतो, पावलं आठवतात, पण पायाखालची जमीन काढायला गेलं की हात थांबतो. मी बोईसरच्या खोलीत बसून नात्यावर कविता करतो तेव्हा माझंही हेच होतं. आजीच्या लुगड्याचा काठ येतो, चुलीवरच्या डेचकीचा पोचा येतो. घराखालची जागा येत नाही. ती आपल्या नावावर कधी नव्हतीच, हे एक कारण असेल.

काबोटीनं पटांगणातले नाच काढले, सगळ्यांसमोर चालणारे. जमिनीखालच्या खोल्यांत दीक्षा घेतलेल्यांपुढं जे चालतं त्याला होपी जपतात. काय रंगवावं आणि काय नाही ह्यावर होपींचे आपसात वाद झालेत, आणि ते त्यांच्या त्यांच्यात झालेत, हेच मला त्यातलं मोठं वाटतं. १९९२ ला तिकडच्या एका कॉमिक पुस्तकात काचिनांना कुणीतरी गुंड म्हणून रंगवलं, तर होपी गावांनी बाहेरच्यांना नाच बंद केले. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसला सत्तरेक मुखवटे लिलावात आले. होपींच्या दृष्टीनं त्या वस्तू नाहीत, जिवंत आहेत, त्यांचं पोषण करायचं असतं. ते कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, लिलाव थांबवता येत नाही. विकले गेले. डिसेंबरात पुन्हा लिलाव, तेव्हा अमेरिकेतल्या एका संस्थेनं चोवीस वस्तू विकत घेतल्या, त्यातल्या एकवीस होपींच्या, परत द्यायला. आपलीच माणसं पैसे मोजून सोडवून आणायची, लग्नगडी सोडवावा तशी.

आता इथं आपल्यातले दोस्त मला आडवे येतील, मला माहीत आहे. म्हणतील, तू बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेला, तुला देव्यांचा पुळका कधीपासून? बरोबर आहे विचारणं. आमच्या पणजोबानं १९५६ नंतर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. आजोबा तेव्हा पोरगं होते, त्यांनी काठावरनं बघितलं. आजीच्या माहेरच्या गावी तर शिमग्यात महाराचं काम ठरलेलं होतं, लाकडं फोडायची, वाजवायचं, आणि नैवेद्य वाटताना लांब उभं राहायचं. त्यालाही कुणीतरी संस्कृतीच म्हणत असेल. ज्या महाडला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ते महाड आमच्या गावापासून यष्टीनं अर्ध्या तासावर. तेव्हा सण टिकवा, रूढी टिकवा म्हणणाऱ्याकडं मी आधी संशयानंच बघतो. पालघट देवीला मी हात जोडणार नाही.

पण पणजोबानं टाक सोडले ते त्यानं स्वतः सोडले. कुणी येऊन त्याचे टाक उचलून शोकेसात नाही ठेवले. होपी मुखवटा देत नाहीत ते त्यांनी स्वतः ठरवलंय. आम्ही फेकलं, त्यांनी झाकलं, आणि दोन्हीकडं बोलणारा घरातला माणूस होता. चादरीवरच्या देवीत घरातलं माणूस कुठं आहे ते मला दाखवा. आमच्या तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वीटभट्टीवर जाणारी माणसं. त्यांच्या नावानं बाजारात चित्र नाही, म्हणून त्यांच्या वाडीवर कागद आणि रंग घेऊन कुणी आलं नाही, आणि निरागस म्हणायचीही कुणाला गरज पडली नाही. चित्र असलं तरच माणूस दिसतो काय?

माझ्यापुरतं सांगायचं तर, शहरातल्या एका मासिकाला मी तीन कविता पाठवल्या होत्या. मशिनीवरच्या. स्टेंटरच्या उष्ण्यावर, रात्रपाळीवर, स्क्रीन धुताना बोटांत राहणाऱ्या रंगावर. उत्तर आलं, भाषा चांगली आहे, पण तुमच्या समाजातलं काही आहे का, पोतराज, जोगतीण, असं अस्सल? म्हणजे मीही काचिना काढावा. आसूड ओढणारा, कमरेला रंगीत चिंध्या, कपाळाला हळदकुंकू. काबोटीला गिऱ्हाईक मिळाले ते बहुतेक काचिनांसाठी, पुढं त्यानं दुसरंही पुष्कळ केलं तरी. माझ्या घरात पोतराज कधी होता की नव्हता हे मी त्या संपादकाला कळवलं नाही. असला तरी तो आमच्या घरातल्यांनी सोडलाय, आणि सोडलेल्याला कवितेत परत बोलावायचं की नाही ते मी ठरवीन. ज्यांनी ठरवून लिहिलं त्यांनी लिहिलं, आणि जबर लिहिलं. मागणीवरनं लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे, ती आमच्या गिरणीत दिवसाला तीन ट्रक होते.

आता मावशीकडं परत जातो, कारण माझा सगळा राग त्यांनीच एकदा बिघडवून टाकला. ऑर्डर संपल्यावर सेकंडचा माल कामगारांना स्वस्तात देतात. मावशींनी त्याच चादरीचा एक तुकडा घेतला, मधोमध रंग फाकलेला. म्हटलं, मावशी, ह्यावर तर तुमची देवी आहे, अंथरणार? त्या म्हणाल्या, भात वाळत घालायला पाहिजे. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "देव नाय त्यात. त्यात धवलेरी कुठं बसलीय?" मी इतके दिवस देवीच्या विटंबनेचा लेख डोक्यात रचत होतो, तो तिथंच कोसळला. त्यांच्या लेखी विटंबना झालीच नव्हती. पीठ कालवलेलं नाही, सवाशीण नाही, गाणं नाही, लग्न नाही, तर देवी यायला वेडी आहे काय? आमची मशीन तासाला हजारोंनी छापते ती नुसती रेघ.

मग उरतं काय? उरतो साधा हिशेब, गिरणीत कळणारा. त्या रेघेचे पैसे कुणाला मिळाले? २०१४ ला वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आधी २०१० ला एका शीतपेयाच्या कंपनीनं दिवाळीच्या जाहिरातीत वारली माणसं नाचवली, तेव्हा आदिवासी पोरांनीच नोटीस पाठवली होती. ही पोरं शिकलेली, भांडणारी आहेत, आणि त्यांच्यातले काही चित्रकार आता जे काढतात त्यात कारखान्याचं धुराडंही येतं, बुलडोझरही येतो. ते मला फार हवं आहे. त्यावर आपल्या अंकात कुणीतरी नीट लिहावं, आणि शक्यतो वारल्यानंच लिहावं. पण छपाई खात्यात मानांकनाचा कागद मी अजून पाहिला नाही. मावशी आठ वर्षं फोल्डिंगला आहेत. चौक त्यांना येतो, नात्यातल्या लग्नांत त्या सवाशीण म्हणून काढत आल्यात. ज्या चित्राच्या थानांना घडी घालायचा त्यांना रोज मिळतो, ते चित्र काढायचा त्यांना कुणी कधी दिला नाही, आणि चादरीचं पाकीट उघडून बघा, आत कागदावर गिरणीचं नाव आहे, धुवायची पद्धत आहे, आणखी काही नाही.

संपादकाची चिठ्ठी मी मावशींना वाचून दाखवली. स्टेन्सिलही दाखवलं, मेणाचा कागद बोटानं चाचपून बघितला त्यांनी. म्हटलं, आमचं मासिक गरिबांचं आहे, पैसे थोडे देऊ, नाव तुमचं छापू. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, वैशाखात भाचीचं लग्न आहे, तलासरीच्या पुढं पाडा, तेव्हा चौक काढू, ये बघायला, जेवून जा. मोबाईल खोलीवर ठेवून ये.

सुट्टीचा अर्ज टाकलाय. एक दिवसाचा खाडा पडला तरी जाणार. अंक त्याच्या आधी निघणार, तेव्हा संपादका, मुखपृष्ठ कोरंच जाऊ दे, वर फक्त अंकाचं नाव आणि किंमत टाक. स्टेन्सिल ह्या पाकिटात घडी न घालता परत पाठवतोय, जपून काढ, मेण तडकतं.